जत्रेच्या पत्रिकेत एक ओळ वाढवावी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

माघ सरत आला की आमच्या गच्चीवरून दिसणारे अजिंक्यतारा आणि यवतेश्वर हे दोन्ही डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे पडतात. मग एखाद्या रात्री काळोखात तांबडी रेघ सरकू लागते, घरातले कोणी तरी ‘पेटला वाटतं डोंगर’ म्हणत गच्चीवर येते, दोन मिनिटे पाहते आणि खाली जाऊन पुन्हा जेवायला बसते. मी स्वतः तीस-पस्तीस वर्षे हेच करत आलो, तेव्हा हा दोष मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही. यंदा मात्र गेल्या आठवड्यात ती रेघ दिसल्यावर खाली जाऊन बसवले नाही. गेल्या वर्षीचा वसंत मी अशा एका गावी काढला, जिथे वसंताचा सण आणि डोंगराची राखण ही दोन निराळी कामे समजली जात नाहीत. आपल्याकडे ती एकत्र आणता येतील का, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. लांबल्यास क्षमा असावी.

महिन्याभरात आपल्या जिल्ह्यात जत्रांचा हंगाम सुरू होईल. रंगपंचमीला वाई तालुक्यातल्या बावधनचे बगाड सोनेश्वराहून निघेल आणि शिवारातून, टप्प्याटप्प्याला बैलजोड्या बदलत, भैरवनाथाच्या देवळाकडे येईल. चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभूमहादेवाचे लग्न लागेल, आणि शुद्ध द्वादशीला सासवडहून कऱ्हेचे पाणी घेऊन आलेली भुतोजी तेल्याची कावड मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवरून माणसांच्या साखळीने वर जाईल. ज्याने ही कावड चढताना एकदा पाहिली आहे, तो ‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ हे वाक्य पुन्हा सहजासहजी उच्चारणार नाही. आणि या झाल्या मोठ्या जत्रा. त्यांच्याखेरीज गावोगावचे भैरोबा, जोगूबाई, जानाई यांच्या जत्रा पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चालूच असतात. माझे मूळ गाव जावळी तालुक्यात आहे. एरवी दारांना कुलपे असणारे ते गाव चैत्रातल्या त्या दोन दिवसांत मुंबईला माथाडीत असलेल्या माणसांनी, त्यांच्या लेकी-सुनांनी आणि ओळख पटता पटत नाही अशा पोरांनी भरून जाते. सगळे गाव एकाच वेळी, उघड्यावर, डोंगराच्या पायथ्याशी गोळा होते, असा वर्षातला हा एकच काळ असतो.

दुर्दैव असे की, त्याच काळात तो डोंगर काळा असतो. आमच्या लहानपणी छबिना पाहून झाला की दुसऱ्या दिवशी पोरे देवळामागच्या चढणीवर करवंदांच्या जाळ्या हेरून ठेवत, म्हणजे वैशाखात नेमके कुठे जायचे याचा घोळ होत नसे. गेल्या काही वर्षांत तिथे हेरण्याजोगे फारसे उरलेले नाही. जाळी एकदा जळली तर बुंध्यातून फुटते. दर दोन वर्षांनी जळत गेली की तीही दम सोडते.

आता त्या दुसऱ्या गावाविषयी. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन या शहरी राहतात, आणि गेल्या वर्षी एप्रिल-मे असे दोन महिने आम्ही उभयतांनी त्यांच्याकडे काढले. साठ अंशांच्याही उत्तरेला असलेले हे जुने बंदर समुद्र आणि डोंगर यांच्या बेचक्यात वसलेले असून, शहराभोवती सात डोंगर आहेत असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. हे सात नेमके कोणते यावर मात्र त्यांचे आपसांत एकमत नाही, हे ऐकून मला घरी आल्यासारखे वाटले. पाऊस तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. महाबळेश्वर पाच हजारांच्या वर नेत असल्यामुळे पावसाचा धाक आम्हा सातारकरांना कोणी घालू नये. पण आपला पाऊस चार महिन्यांत हात धुऊन मोकळा होतो, आणि त्यांचा बारा महिने उंबऱ्यावर बसून असतो. त्यामुळे एप्रिलमध्ये ऊन पडले की माणसे घरात थांबतच नाहीत. शहराच्या मधोमध उठलेला फ्लोयेन हा डोंगर साधारण आपल्या अजिंक्यताऱ्याच्या चढाएवढा आहे. त्यावर १९१८पासून दोरीने ओढली जाणारी रेल्वे आहे, तरीही संध्याकाळी कचेरी सुटल्यावर पायीच वर जाणाऱ्यांची रीघ लागलेली असते. उल्रिकेन हा त्याहून उंच, ६४३ मीटरचा. त्याच्या एका अंगाने नेपाळहून बोलावलेल्या शेर्पांनी दगडी पायऱ्या बसवल्या आहेत, कारण माणसांच्या पावलांनी आणि पावसाने वाट धुपून चालली होती. मेअखेरीस सातही डोंगर एका दिवसात पालथे घालणारी सुमारे ३५ किलोमीटरची सामुदायिक पदयात्रा निघते. तिच्यात बक्षीस नसते. आमच्या जावईबापूंनी ती पुरी केली आणि पुढचे तीन दिवस जिना उलटा उतरला.

एप्रिलपासून त्या शहरात ढोल वाजू लागतात. सात-आठ वर्षांच्या मुलांपासून वीस वर्षांच्या तरुणांपर्यंतची पेठवार पथके लाकडी बंदुका खांद्यावर घेऊन, ढोलाच्या तालावर गल्लीबोळांतून संचलनाचा सराव करतात. ब्यूएकोर्प्स म्हणजे धनुष्यधारी पथक असे त्यांचे नाव. ही प्रथा १८५०च्या दशकातली असून फक्त बर्गनमध्येच टिकून आहे, आणि मुलींना स्वतःची पथके मिळायला १९९१ साल उजाडावे लागले. आमच्या खिडकीखालून पहिल्यांदा ते पथक गेले तेव्हा सौभाग्यवतींनी ‘अगं, हे तर आपलं लेझीम-हलगीचंच घराणं’ असे म्हटले. तिथेही या ढोलांबद्दल कुरकुर करणारे शेजारी आहेतच.

या सगळ्याचा कळस १७ मे रोजी होतो. १८१४ साली याच दिवशी आयड्सव्होल येथे नॉर्वेची राज्यघटना मंजूर झाली. देश मात्र स्वीडनच्या राजाच्या छत्राखालून १९०५मध्ये बाहेर पडला. मधल्या नव्वद वर्षांत हा दिवस पाळत राहणे हीच त्यांची चळवळ होती. या दिवसाचा गाभा म्हणजे शाळकरी मुलांची मिरवणूक. राजधानीत १८७० साली मुलग्यांची अशी पहिली मोठी मिरवणूक निघाली आणि १८८९पासून मुलीही तिच्यात चालू लागल्या. आम्ही पाहिली ती मिरवणूक भर पावसात निघाली होती. कोणी पांगले नाही. बायका आपापल्या मुलुखाचा भरतकाम केलेला लोकरी पोशाख घालून, वर पारदर्शक रेनकोट चढवून उभ्या होत्या, आणि आमच्या मंडळींनीही इरकलीवर जावयाचे जाकीट चढवून त्यांच्यात जागा पटकावली. व्यासपीठे होती, भाषणेही झाली असतील, पण लोक पाहत होते ते मुलांकडे; मुलांना त्या दिवशी आइस्क्रीम मागाल तितके, असा अलिखित नियम आहे. सूर्य तिथे त्या दिवसांत रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे उत्सवालाही कोणी घाईने गुंडाळत नाही.

मला जे सांगायचे आहे ते या मिरवणुकीच्या आधीच्या पंधरवड्यात घडले. मुलीच्या सोसायटीच्या फलकावर एक चिठ्ठी लागली: अमुक दिवशी सायंकाळी पाच वाजता दुग्नाद. तो शब्द मला कोणी समजावून सांगावा लागला नाही, कारण पाच वाजता खाली उतरलो तर दारात खराटे, दाताळी आणि ढकलगाड्या मांडून ठेवलेल्या होत्या. दुग्नाद म्हणजे श्रमदान, किंवा आपल्या खेड्यातल्या जुन्या शब्दात सांगायचे तर इर्जिक. हिवाळ्यात बर्फावरून पाय घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर टाकलेली बारीक खडी झाडून गोळा करायची, वाळका पाला ओढायचा, डोंगराकडे जाणाऱ्या पायवाटेवर आडव्या आलेल्या फांद्या छाटायच्या, किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेले प्लॅस्टिक वेचायचे, आणि मग सर्वांनी मिळून कॉफी प्यायची. शाळा, बँडपथके, पोहण्याचे क्लब, सगळीकडे त्या दिवसांत हेच चाललेले असते. यात कायद्याची सक्ती नाही. जो येत नाही त्याला कोणी दंड करत नाही, फक्त पुढचे वर्षभर त्याच्याशी हवापाण्याखेरीज कोणी फारसे बोलत नाही. मी दाताळे हातात घेतले आणि सत्तरीतला माणूस म्हणून मला कोणी बसवून ठेवले नाही, याचे मला फार बरे वाटले. सण येणार म्हणून अंगण सारवावे तशी ती माणसे डोंगराची वाट सारवत होती.

त्यामागे कायद्याचा आधारही आहे. १९५७च्या एका कायद्याने तिथे पडीक रानातून, डोंगरातून आणि किनाऱ्यावरून चालण्याचा हक्क प्रत्येकाला दिलेला आहे, जमीन कोणाच्याही मालकीची असो. तंबू राहत्या घरापासून १५० मीटर दूर ठोकावा, एका जागी दोन रात्रींहून अधिक काळ विनापरवानगी राहू नये, अशा त्याच्या मर्यादा शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात कुत्रे बांधल्याशिवाय रानात न्यायचे नाही, कारण मेंढ्यांची कोकरे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांचा तो काळ असतो. आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलालगत उघड्यावर विस्तव पेटवायचा नाही. होळीसारखा त्यांचाही एक सण २३ जूनच्या संध्याकाळी येतो, किनाऱ्यावर मोठमोठ्या होळ्या पेटतात, पण बंदीच्या काळात येत असल्यामुळे त्या कोठे आणि कशा पेटवायच्या हे आधी ठरलेले असते. जिथे बाराही महिने पाऊस पडतो, तिथे ही खबरदारी!

येथे कोणी वाचक म्हणेल की, गवत जाळल्याने पुढच्या वर्षी गवत जोमाने येते हे आपले बापजादे सांगत आले आहेत, त्याचे काय. हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही, कारण बर्गनच्या उत्तरेला लिग्रा नावाच्या बेटावर मी मुद्दाम जाऊन तो पाहून आलो. तिथे किनाऱ्यावरच्या माळांवर हेदर नावाचे खुरटे झुडूप असते, मेंढ्या हिवाळ्यातही ते खातात, आणि जून झालेले झुडूप जाळून कोवळे फुटू द्यायचे ही तिथल्या शेतकऱ्यांची शेकडो वर्षांची रीत आहे. म्हणजे जाळणारे तेही आहेत. मात्र ते जाळतात भर हिवाळ्यात किंवा वसंताच्या अगदी तोंडावर, जमीन ओली किंवा गोठलेली असताना, वारा पाहून, एकेक तुकडा, चार माणसे हातात झोडपणी घेऊन कडेला उभी असताना आणि अग्निशामक दलाला आधी कळवून. ओल्या जमिनीमुळे वरचे झुडूप जळते, मुळे आणि माती शाबूत राहते. आपला वणवा याच्या अगदी उलट असतो. तो फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या ठणठणीत जमिनीवर, दुपारच्या वाऱ्यात, कोणी राखायला नसताना लागतो. कधी बांध जाळताना, कधी भाताच्या रोपांसाठी राब भाजताना सुटलेल्या ठिणगीने, कधी विडीच्या थोटकाने आणि कधी निव्वळ गंमत म्हणून. त्यात गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपे जातात, लाव्या-तित्तिरांची घरटी जातात, आणि उघडी पडलेली माती मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्यात जाते. पहिल्या पावसात गवताला जी लकाकी येते ती राखेची असते. ती एका हंगामाची. माती गेली ती गेली.

तिथले सगळेच अनुकरणीय आहे असे मी म्हणत नाही. शाळा संपवून निघणारी तिथली तरुण मंडळी मे महिन्यात लाल विजारी घालून रात्रभर जो धुडगूस घालतात, त्यापुढे आपल्या वरातीतला डॉल्बी सोज्ज्वळ वाटावा. शिवाय अख्ख्या बर्गनची वस्ती तीन लाखांच्या आत, आणि त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे. परंतु खराटा आणि दाताळे यांना तेलाचा पैसा लागत नाही. आणि श्रमदान आपण कोणाकडून शिकावे अशी आपली अवस्थाही नाही. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत आपल्याच कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने पहिला क्रमांक पटकावला, तो ऐन उन्हाळ्यात, पहाटे उठून खणलेल्या समतल चरांच्या जोरावर. दोन वर्षांनी माण तालुक्यातल्या टाकेवाडीने तेच करून दाखवले. उन्हाळ्यात डोंगरावर एकत्र जाऊन हातांनी काम करणे ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. फक्त ते काम स्पर्धेच्या तारखांशी बांधले गेले होते, आणि स्पर्धेच्या तारखा बदलतात. जत्रेची तिथी बदलत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावची यात्रा कमिटी माघ-फाल्गुनात पहिली बैठक घेते, वर्गणी ठरवते आणि मग पत्रिका छापते. त्या पत्रिकेचा साचा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे: पहाटे अभिषेक, सकाळी काठ्यांची मिरवणूक, दुपारी शेरणी वाटप, रात्री पालखी व छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचे जंगी मैदान आणि रात्री लोकनाट्य तमाशा. या यादीच्या सर्वांत वर, होळीच्या आधीच्या एखाद्या रविवारची तारीख घालून, ‘सकाळी सहा ते नऊ: देवाच्या डोंगरावर जाळरेषा व पायवाट’ एवढी ओळ छापली जावी. जाळरेषा काढणे अवघड नाही. डोंगराच्या पायथ्याशी आणि मधल्या सोंडेवर काही मीटर रुंदीचा पट्टा विळ्याने कापून घ्यायचा, वाळका पाला पट्ट्याच्या मधोमध ओढायचा, आणि दव असतानाच, वारा पडलेला असताना, दोन्ही कडांना माणसे उभी करून तो जाळून संपवायचा. वनखाते आपल्या हद्दीत हे काम हिवाळ्यात करतेच. त्या हद्दीत काही करायचे असल्यास वनरक्षकाला आधी कळवून त्याच्या देखत करावे, कारण राखीव वनात विस्तव नेणे हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. गायरान, देवस्थानची जमीन आणि मालकीचे माळ यांची राखण मात्र खात्याच्या माथ्यावर टाकून चालणार नाही. आमच्याकडे बहुतेक वणवे तिथूनच सुरू होतात.

हे काम जत्रेलाच जोडावे, याला माझ्यापुरते एक कारण आहे. पर्यावरणाच्या नावाने बोलावले तर शाळेची मुले आणि दोन-चार निवृत्त माणसे येतात. मी त्या दोन-चारांत अनेकदा होतो. देवाच्या नावाने बोलावले तर मानकरी येतो, तालमीतली पोरे येतात आणि ज्याच्या हातून एरवी काडी पडते तोही येतो. ज्याने पट्टा कापताना हाताला फोड आणले आहेत, तो त्याच पट्ट्याशेजारी विडी टाकताना थोडा तरी थांबेल. मुंबईकर मंडळींना होळीआधी येणे जमणार नाही, हे खरे. त्यांनी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तमाशाची झोप डोळ्यांवर असली तरी, देवळापासून टाक्यापर्यंतच्या वाटेवरचे द्रोण, पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या उचलाव्यात. शेरणीचा पहिला प्रसाद त्या दोन्ही कामांना आलेल्या पोरांना द्यावा, म्हणजे मानपानाचा प्रश्नही मिटेल. निदान एक मान तरी घराण्यावरून न ठरता घामावरून ठरेल.

आमच्या गावची बैठक गेल्या रविवारी झाली आणि तीत मी हा विषय मांडला. विरोध कोणी केला नाही. फक्त पत्रिकेत एक ओळ वाढल्यास छपाईचा खर्च वाढेल काय, असा प्रश्न खजिनदारांनी विचारला, आणि त्यावर निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवण्यात आला. मी साताऱ्यातल्या छापखान्यात जाऊन चौकशी केली. कागद तोच असेल तर खर्च वाढत नाही, मात्र ओळ बसवण्यासाठी वरच्या बाजूचे एक छायाचित्र थोडे लहान करावे लागेल, असे समजले. ते छायाचित्र कोणाचे लहान करायचे, हा विषय आता पुढच्या बैठकीपुढे आहे.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
सातारा